कावळा आला की तारीख धरू

माझं लग्न एका कावळ्यापायी वर्षभर अडलं होतं. मुलगा बरा होता, घर खाऊनपिऊन सुखी होतं, दोन्हीकडची माणसं राजी होती. तारीख तेवढी धरायची राहिली होती. पण म्हादूमामा म्हणाले, "कावळा आला की धरू." आणि कावळा येईना.

तसे अंगणात कावळे पुष्कळ होते. मामी भाकरी थापत असली तर परातीतून उचलून नेण्याइतके धीट होते. मामांना त्यातला एकही नको होता. त्यांना पाहिजे होता तो सिगारेटच्या पाकिटातला.

आता हे समजावून सांगायला पाहिजे, कारण तसली पाकिटं बघितलेली माणसं फारशी उरली नाहीत. त्या काळी चांगल्यातल्या सिगारेटच्या पाकिटात एक रंगीत चित्र घालायचे. दोन बोटांएवढं, जाड कागदाचं. मागच्या बाजूला नंबर आणि इंग्रजीत काहीबाही मजकूर. पन्नास चित्रं झाली की एक संच पुरा. कोणत्या पाकिटात कोणतं निघेल ते सांगता यायचं नाही. माणसानं सिगारेट ओढत राहावी म्हणून कंपनीनं काढलेली ही युक्ती. मामा सिगारेट ओढत नव्हते. तरी त्यांच्याइतकं त्या युक्तीला कोणी भुललं नसेल.

मामा भिंगारला टांगा चालवायचे. स्टेशनवरून छावणीत, छावणीतून नगरच्या बाजारात. गोरे सोल्जर त्यांच्या टांग्यात बसायचे आणि रिकामी पाकिटं तिथंच टाकून जायचे. एकदा झाडताना एका पाकिटात मामांना खंड्याचं चित्र सापडलं. निळी पाठ, लांब चोच. ते धावत घरात आले.

"शेवंते, बघ! आपला खंड्या! सीनेच्या डोहावर बसतो त्यो! साहेबाला कुठं घावला गं ह्यो?"

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची होते. आई गेल्यावर वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि मला मामाकडं चार दिवसांसाठी म्हणून ठेवलं. ते चार दिवस काही संपले नाहीत. मामा-मामीला मूलबाळ नव्हतं. त्यामुळं मामांना काही सापडलं की ते दाखवायला मीच होते.

त्या खंड्यापासून मामा बिघडले. कोणीही भेटलं की लोक रामराम म्हणतात, मामा विचारायचे, "पाकीट सरलं का?" गोऱ्यांना विचारायचे, वकिलांना विचारायचे, एकदा तिरडीबरोबर चाललेल्या माणसालाही विचारलं. तो बिचारा खरंच सिगारेट ओढत होता, पण म्हणून काय झालं?

रस्त्यात पाकीट पडलेलं दिसलं की मामा टांगा थांबवून उतरायचे. पुढं पुढं त्यांना लगाम ओढावा लागेना. लाली म्हणून घोडी होती, ती आपणहून थांबायची. पाकीट दिसलं की पाय रोवून उभी. एक वकीलसाहेब रोज कोर्टात जायचे त्यांच्या टांग्यातून. एक दिवस घोडी चार वेळा थांबली. साहेब खाली उतरून म्हणाले, "म्हादू, तिकडं माझा अशील फासावर जाईल!" मामा खाली वाकून पाकीट उघडत होते. म्हणाले, "येतंय साहेब, येतंय. पाखरू हाय ते." वकीलसाहेब उरलेला रस्ता चालत गेले.

"येतंय, पाखरू हाय ते," हे त्यांचं सगळ्याला उत्तर होतं. मीठ आणायला सांगितलं तरी हेच, पाऊस लांबला तरी हेच.

छावणीतला एक सार्जंट बदली होऊन चालला होता. त्यानं जाताना मामांना एक वही दिली. कंपनीनंच छापलेली, चित्रं चिकटवायची. प्रत्येक चित्राला चौकोन आखलेला, खाली इंग्रजीत पाखराचं नाव. चित्राच्या मागं गोंद असायचा, तो जिभेनं ओला करायचा आणि दाबायचं, असं सार्जंटनं करून दाखवलं. मामांना ते बघवलं नाही. "पाखराला उष्टं कशापायी?" म्हणाले. मग मामीकडून गव्हाच्या पिठाची खळ करून घेतली. खळ खायला झुरळं आली. झुरळांसाठी कडुनिंबाचा पाला आला. घरात बसायला जागा होती तिथं पाला आला. मामी म्हणायची, "मलाच निंब नेसवा आता, म्हंजे समदं झालं."

इंग्रजी नावं कोणाला वाचता येत होती? मामांनी आपली ठेवली. घुबड होतं त्याचं नाव वकीलसाहेब. तांबड्या छातीचा एक लहान पक्षी होता तो हवालदार. एक पांढरी, मान उंच करून चालणारी होती, तिचं नाव त्यांनी मामीच्या माहेरच्या एका बाईवरून ठेवलं होतं. त्यावरून मामी दोन दिवस बोलली नाही.

एकच चित्र दोन-दोनदा आलं की त्याची अदलाबदल करायची. छावणीच्या मेसमधला खानसामा याच नादाचा होता. दोघं मंगळवारच्या बाजारात भेटायचे आणि बैलाचा सौदा करतात तसा सौदा करायचे. मामांचा पंचा दोघांच्या हातांवर टाकायचा, आत बोटं धरायची, तोंडानं एक शब्द नाही. आजूबाजूला माणसं जमायची. कुणाला वाटायचं खिल्लारी जोडीचा व्यवहार चाललाय. बराच वेळ बोटं दाबून, मान हलवून, एकदा रागानं पंचा झटकून, पुन्हा टाकून सौदा व्हायचा. मग खानसामा खिशातून एक सुतारपक्षी काढायचा आणि मामा दोन वकीलसाहेब. जमलेली माणसं शिव्या देत निघून जायची.

असं करत करत वही भरत आली. एक चौकोन तेवढा रिकामा राहिला. तो कोणाचा हे बघायला मामांनी मिशनच्या शाळेतल्या रूथबाईंना बोलावलं. मला चौथीपर्यंत शिकवलं ते त्यांनीच. बाईंनी चष्मा पुसला, वही उजेडात धरली आणि हसल्या.

"म्हादबा, इतके लांबलांबचे पक्षी मिळाले तुम्हाला, आणि राहिला कोण? कावळा!"

मी पण हसले. मामी तर पदर तोंडात धरून हसली. मामा हसले नाहीत. त्यांनी वही बाईंच्या हातातून घेतली, मिटली आणि लालीला पाणी दाखवायला गेले. पाणी दाखवायची ती वेळ नव्हती.

मामीचं हसू थांबलं. मला म्हणाली, "गोदावन्सच्या दहाव्याला बी कावळाच शिवला न्हवता."

गोदा म्हणजे माझी आई, मामांची धाकटी बहीण. ती गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, सगळे लांब होऊन बसले. कावळा पिंडाला शिवला की गेलेल्या माणसाचं मन कशात अडकलेलं नाही असं आपल्यात धरतात. कावळा आला, लिंबावर बसला आणि बसूनच राहिला. उन्हं डोक्यावर आली. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि सगळे घरी आले. मला त्यातलं एवढंच आठवतं की फार भूक लागली होती.

त्या दिवसापासून मामांचा नाद बदलला. पहिल्यांदा तो खेळ होता, आता तो खेळ राहिला नाही. दिसेल त्याच्याकडं ते एकच मागायला लागले, "कावळा हाय का, कावळा?" त्यातच लढाई पेटली. कागद मिळेना म्हणून की काय, पाकिटातून चित्रं यायची बंद झाली. खानसाम्याची पलटण गेली, तोही गेला. लाली अजून सवयीनं थांबायची, मामा अजून उतरायचे, पाकीट उघडायचे आणि रिकाम्या हातानं वर चढायचे.

अशात मला सुप्याचं स्थळ आलं. मला पंधरावं चालू होतं. किसन नावाचा मुलगा, एकुलता, आईबाप धडधाकट. बघायला आले, मी चहा दिला, खाली मान घालून बसले, सगळं रीतीप्रमाणं झालं. मुलाचे वडील म्हणाले, "आमाला पसंत हाय. बोला, तारीख कवाची धरायची?"

मामा म्हणाले, "कावळा आला की धरू."

पाव्हणे मामीकडं बघायला लागले. मामीनं कपाळावरचा पदर आणखी पुढं ओढला. तिला वाटलं असेल, आपण दिसलोच नाही तर बरं.

पाव्हणे शेतकरी माणूस. त्यांना वाटलं, काहीतरी नवस असेल, कावळ्यावाचून अडला असेल. आपल्याआपण समजूत करून घेऊन गेले. महिना गेला, दुसरा गेला. निरोप यायचा, "आला का?" इकडून जायचा, "न्हाई अजून. येतंय, पाखरू हाय ते."

एक दिवस सकाळी पाव्हणे आणि किसन दोघं दारात उभे. किसनच्या डोक्यावर झाकणाची दुरडी, बोटाला चिंधी गुंडाळलेली.

"घ्या, पाव्हणं!" पाव्हणे म्हणाले. "आठवडाभर जाळं लावून बसलो. आता काढा तारीख."

आणि त्यांनी झाकण काढलं.

आत जिवंत कावळा होता. पायाला सुतळी. त्यानं एकच हाक मारली. ज्यांनी बांधलेल्या कावळ्याचं ओरडणं ऐकलं असेल त्यांना पुढचं सांगायला नको. भिंगारचे सगळे कावळे आमच्या घरावर आले. कौलांवर, बाजेवर, टांग्याच्या दांड्यांवर, नुसता काळोख. पाव्हण्यांचं पागोटं एका झपाट्यात उडालं. मामी खराटा घेऊन बाहेर आली आणि एक टोच खाऊन खराटा टाकून आत गेली. लालीनं दावं तोडलं आणि थेट छावणीचा रस्ता धरला. शेजारचे कौलांवर दगड मारायला लागले, ते आमच्याच माणसांना लागले.

त्या सगळ्या गोंधळात मामा दुरडीजवळ उकिडवे बसून कावळ्याकडं बघत होते. म्हणाले, "ह्यो न्हाई वो, पाव्हणं. कागदाचा पायजे हुता."

"कागदाचा?" पाव्हण्यांना पागोटं शोधायचंही सुचेना. "कागदाचा? आन आमी पोराचं बोट फोडून घेतलं ते?"

किसननं पुढं होऊन विळ्यानं सुतळी कापली. कावळा उडाला आणि त्याच्यामागं बाकीचे. किसन हसत होता. मी चुलीजवळून दाराच्या फटीतून बघत होते. नवरा म्हणून जे काही नीट बघितलं ते तेव्हाच. चहाच्या वेळी फक्त त्याच्या वहाणा बघितल्या होत्या.

पाव्हणे हसत नव्हते. जाताना म्हणाले, "दिवाळीपतुर वाट बघतो, म्हादबा. मग आमी दुसरीकडं बघनार. तुमच्यापायी आमचं पोरगं म्हातारं करायचं न्हाई."

आता मामी चिडली. मला काही कमी राग नव्हता. एका बोटभर कागदासाठी माझ्यासारखी धडधाकट मुलगी घरात बसून राहावी, हे मला समजेना. मामांना मी विचारलं की ते लालीचा खरारा करायला जायचे. त्या वर्षात लालीइतकी चकाकणारी घोडी नगर जिल्ह्यात नसेल.

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली आणि एका दुपारी रूथबाई आल्या. मिशनमधली एक मडम लढाईच्या धामधुमीत मायदेशी परत चालली होती, तिनं घर आवरताना मुलांच्या खेळण्यांचा डबा बाईंना देऊन टाकला होता. त्या डब्यात बाईंना चित्र मिळालं. त्यांनी ते रुमालात गुंडाळून आणलं होतं.

"म्हादबा, हात धुऊन या," बाई म्हणाल्या.

मामांनी हात धुतले. पायही धुतले. रुमाल उघडला. कावळाच होता, शेतात उभा. मागं नंबर बरोबर, वहीत बसणारा. मामीनं तिथल्या तिथं देवाला हात जोडले आणि खळीसाठी पीठ काढायला उठली.

मामांनी चित्र उजेडाला धरलं, तिरकं केलं, पुन्हा सरळ केलं. मग बाईंच्या हातात परत दिलं.

"ह्यो न्हाई."

"अहो, नाही कसा? खाली लिहिलंय."

"मान कुठं करडी हाय ह्याची? समदा काळा हाय. ह्यो डोमकावळा. लिंबावरचा त्यो करड्या मानंचा हुता."

"इंग्लंडात असाच असतो."

"मंग तितल्या मानसांच्या पिंडाला ह्योच शिवतो?"

"तिकडं पिंड नसतो, म्हादबा."

"मंग ठेवलाय कशाला त्यांनी कावळा?" मामा म्हणाले आणि गोठ्याकडं निघाले.

बाईंनी चित्र कोनाड्यात ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. मामी पिठाची वाटी घेऊन उभी होती, ती रडायला लागली. मला रडू येत नव्हतं. मी मामांच्या मागं गोठ्यात गेले आणि लालीच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिले. मला जे म्हणायचं होतं ते मी म्हटलं.

"मामा, दिवाळी झाली की सुप्याचे लोक नाही म्हणणार. कागदावरचा आला, जिवंत आला, तुम्हाला एकही चालत नाही. आईला काय पाहिजे होतं ते ठाऊक असेल तर सांगा. नसेल तर तसं सांगा. पण कावळ्याचं नाव पुन्हा काढू नका."

मामा खरारा करत राहिले. मग घोडीच्या पाठीवर हात ठेवून, माझ्याकडं न बघता बोलायला लागले.

"समदे हुते त्या दिवशी. तुझा बाप, त्याचे भाऊ, गावचे बाप्ये. कोनी म्हनलं, पोरीला सांभाळू म्हना. म्हनलो. कोनी म्हनलं, चांगल्या घरी देऊ म्हना. म्हनलो. कावळा नुस्ता बघतोय. आन मला ठावं हुतं की गं तिला काय पायजे. दवाखान्यात नेली ती ह्याच टांग्यातनं. वाटंत म्हनली, 'दादा, मला कोनी इचारलं न्हवतं. माझ्या पोरीला इचार.' एवढंच म्हनली."

"मग?"

"मंग काय? न्हाई निघालं तोंडातनं. एवढ्या बाप्यांम्होरं पोरीला इचारून देईन म्हनायचं? हसले असते. पोरीला कोन इचारतं? आन तुझ्या बापाचं स्थळ मीच आनलं हुतं. ह्याच टांग्यात बसला हुता, बोलायला गोड वाटला. घरी आलो आन सांगितलं, गोदीचं ठरवलं. ती नगं म्हनत हुती. आमी म्हनलं, लाजती."

मी म्हटलं, "मग आता विचारा."

मामांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "कसं इचारत्यात?"

"मला काय ठाऊक? मला तरी कोणी विचारलंय?"

मामांनी खरारा खाली ठेवला. मुंडासं काढलं, झटकलं, पुन्हा बांधलं. खाकरले. मग स्टेशनवर उतरलेल्या पाशिंजराला विचारतात तसं, अगदी त्याच आवाजात त्यांनी विचारलं, "सुप्याला जायाचं का?"

"जायचं," मी म्हटलं.

"मामीला भिऊन म्हनत न्हाईस?"

"मी कोणाला भिते?"

"ते बी खरंच," मामा म्हणाले. मग लालीला थोपटत, "पोरगा बरा हाय ना? मी नीट बघितलाच न्हाई त्याला. कावळ्याकडं बघत हुतो."

"मी बघितलाय."

मामांनी मान हलवली. गोठ्यातून बाहेर आले आणि तसेच पुढं, रस्त्यावर गेले. भर दुपार होती. समोरच्या सायकलच्या दुकानात चार-पाच माणसं बसली होती, पारावर आणखी काही. मामा रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, तोंड वर केलं आणि टांगा हाकताना वाटेतल्या गर्दीला ओरडतात तसे ओरडले.

"गोदे! इचारलं गं पोरीला!"

कावळा वगैरे काही आला नाही. माणसं मात्र बाहेर आली. सायकलवाला हातातला पंप तसाच धरून म्हणाला, "काय झालं, म्हादबा? कोनाला इचारलं?"

"शेवंतीला इचारलं. सुप्याचं स्थळ पसंत हाय का म्हनून."

"तिला इचारलं?"

"व्हय, तिला. तिनंच ठरवलं."

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मामी दारात आली होती, पिठाची वाटी अजून हातातच. मामा तिथंच उभे राहिले, कंबरेवर हात ठेवून, एकेकाच्या तोंडाकडं बघत. कोणी हसतंय का ते बघत होते. एक जण थोडा हसला. मामा त्याच्याकडं बघत राहिले, तो गप्प होईपर्यंत.